तात्पुरतं ठिगळ आणि भिंत : फायरवॉलवरच्या ‘नॅट’चा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका श्रोत्यांनी विचारलं, की ही इतिहासाची व्याख्यानमाला आहे, त्यात फायरवॉल कुठून आली? प्रश्न रास्त आहे. पण असं बघा, तुमच्या घरच्या राउटरच्या मागे जो मोबाइल किंवा लॅपटॉप आहे, त्याचा आयपी पत्ता बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होत असेल. शेजाऱ्यांच्या घरीही तसाच. जगात कोट्यवधी घरांत हेच आकडे आहेत. म्हणजे पत्ता आहे, पण त्या पत्त्यावर बाहेरून कोणी पत्र पाठवू शकत नाही. तुम्ही बाहेर जाऊ शकता, बाहेरचा आत येऊ शकत नाही. हे असंच असायचं असतं, असं आपल्याला वाटतं. पण ते तसं नव्हतं. ते तसं कसं झालं, याला इतिहास आहे, त्यात तारखा आहेत, माणसं आहेत आणि एक चांगलं जुंपलेलं भांडणही आहे.

या व्यवस्थेचं नाव नेटवर्क ॲड्रेस ट्रान्सलेशन, थोडक्यात नॅट. मराठीत पत्त्यांचं भाषांतर म्हणू. ज्यांनी ती कागदावर मांडली त्यांनीच तिला तात्पुरती म्हटलं होतं. मग तीस वर्षं ती कशी टिकली? माझं उत्तर असं, की पत्ते वाचवण्याची ही युक्ती आणि संरक्षणाची भिंत, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यात विकल्या गेल्या. तो डबा लावताना माणसं दोन्ही कामं एकदमच करत होती, आणि हळूहळू पत्ता बदलणं म्हणजेच सुरक्षा, असा समज पक्का झाला. ठिगळाला माणूस कंटाळतो आणि ते बदलतो. भिंत कोणी पाडत नाही.

आधी थोडं गणित. आज जिला आपण आयपीव्ही४ म्हणतो, ती पत्त्यांची पद्धत सप्टेंबर १९८१ मध्ये ‘आरएफसी ७९१’ या दस्तऐवजात आली. आरएफसी म्हणजे ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, इंटरनेटचे नियम ज्यांत लिहिले जातात ते क्रमांकित कागद. आज त्यांतले बरेच येणार आहेत, तेव्हा आकड्यांना घाबरू नका. १ जानेवारी १९८३ला आर्पानेट या नव्या पद्धतीवर आलं. पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण पत्ते ४२९ कोटी ४९ लाखांच्या आसपास. त्या काळी जाळ्यावरची यंत्रं शेकड्यांत मोजण्यासारखी होती. त्यामुळे हा आकडा कोणालाही समुद्रासारखाच वाटला असता.

खरी अडचण एकूण आकड्याची नव्हती, वाटपाची होती. पत्ते तीन मापांत मिळत. ‘अ’ वर्गात सुमारे १ कोटी ६७ लाख, ‘ब’ वर्गात ६५ हजार ५३६ आणि ‘क’ वर्गात २५६. आता समजा, तुमच्या संस्थेत ३०० संगणक आहेत. ‘क’ वर्ग पुरत नाही, म्हणून तुम्ही ‘ब’ मागणार. म्हणजे ३०० माणसांच्या लग्नाला ६५ हजारांचा मांडव! आणि तो मांडव मागितला की मिळत होता. एमआयटीसारख्या विद्यापीठाकडे अख्खा ‘अ’ वर्ग होता. त्यांतले सुमारे १ कोटी ४० लाख पत्ते कधी वापरलेच गेले नाहीत, हे त्यांनीच २०१७ साली जाहीर केलं आणि मग त्यांतले बरेच विकले. स्टॅनफर्डकडेही एक ‘अ’ वर्ग होता, त्यांनी तो २००० साली परत केला. परत करणारे असे फार नव्हते.

ऑगस्ट १९९०. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये इंटरनेटच्या अभियंत्यांची, आयईटीएफची, बैठक होती. तिथे फ्रँक सोलेन्स्की, फिल ग्रॉस आणि सू हेअर्स यांनी हिशोब मांडला : याच वेगाने वाटप चाललं तर ‘ब’ वर्ग मार्च १९९४ पर्यंत संपेल. साडेतीन वर्षं हातात. त्यानंतर जी धावपळ झाली तिच्यातून तीन वाटा निघाल्या. एक, वर्गांची मापं मोडून हवा तेवढाच तुकडा देणं. ही पद्धत १९९३ साली आली आणि तिनेच पहिला धोका टाळला. दोन, नवी मोठी पत्त्यांची पद्धत, जी पुढे आयपीव्ही६ झाली. आणि तीन, तेच पत्ते पुन्हा पुन्हा वापरणं.

तिसरी वाट आजची. जानेवारी १९९३ मध्ये पॉल त्सुचिया आणि टोनी एंग यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. कल्पना साधी होती. एखाद्या संस्थेत हजार यंत्रं असली, तरी एका क्षणी बाहेरच्या जगाशी बोलणारी थोडीच असतात. मग प्रत्येकाला जगभर वेगळा ठरणारा पत्ता कशाला? आत कोणतेही पत्ते वापरा. दारावर एक यंत्र बसवा. आतलं पॅकेट बाहेर निघालं की ते यंत्र त्यावरचा पाठवणाऱ्याचा आतला पत्ता खोडून बाहेरचा पत्ता लिहील, आणि कोणासाठी कोणता लिहिला याची नोंद ठेवील. उत्तर आलं की नोंद बघून उलटं करील. झालं.

त्सुचिया यांनी पुढे आडनाव बदललं आणि ते पॉल फ्रान्सिस झाले. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि फ्रान्सिस या दोघांच्या नावाने ‘आरएफसी १६३१’ आला, नॅटचा पहिला अधिकृत कागद. तो जरूर वाचा, छोटासाच आहे. त्याचा सूर विकणाऱ्याचा नाही. ही अल्पकाळची सोय आहे, हिच्यात इतके दोष आहेत की दीर्घकाळासाठी ती योग्य नाही, कदाचित अल्पकाळासाठीही नसेल, अशा अर्थाचं लेखक स्वतःच सांगतात. आपल्याच औषधाच्या बाटलीवर असं लिहिणारे वैद्य विरळाच. आणि हेच फ्रान्सिस त्या काळात मोठ्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीवरही काम करत होते. ‘पिप’ नावाचा त्यांचा प्रस्ताव पुढे आयपीव्ही६ कडे जाणाऱ्या प्रवाहात मिसळला. म्हणजे ठिगळ लावणारा माणूस बाजूला बसून नवं कापडही विणत होता. ठिगळ आधी तयार झालं, एवढंच.

आता ते भांडण. आत कोणतेही पत्ते वापरा म्हटलं, तरी ते नेमके कोणते? लोक मनाला येईल ते आकडे टाकत, आणि ते आकडे जगात दुसऱ्या कोणाचे तरी असत. म्हणून मार्च १९९४ मध्ये ‘आरएफसी १५९७’ ने तीन पट्टे राखून ठेवले : १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. घरात वापरा, बाहेर काढू नका. यातल्या १० या आकड्याला इतिहास आहे. तो मूळच्या आर्पानेटचा स्वतःचा क्रमांक. १९९० साली आर्पानेट बंद झालं आणि तो रिकामा झाला. आज जगातल्या जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीचं अंतर्गत जाळं या आकड्यावर चालतं. इंटरनेटच्या आजोबांच्या घराचा नंबर आहे तो.

चारच महिन्यांत, जुलै १९९४ मध्ये, उत्तर आलं : ‘आरएफसी १६२७’. शीर्षकातच म्हटलं होतं, की नेटवर्क १० अपायकारक आहे. लिहिणारे चौघे, पहिलं नाव एलियट लिअर यांचं. त्यांचं म्हणणं असं, की पत्ता जगात एकमेव असणं हा इंटरनेटचा पाया आहे. तो सोडलात, तर उद्या दोन संस्था एक झाल्या की दोघींच्या घरात १० नंबरच निघेल. मग काय करणार? हे भाकीत तंतोतंत खरं ठरलं. दोन कंपन्यांचं विलीनीकरण झालं की त्यांच्या नेटवर्कवाल्यांना पहिले काही महिने हेच काम असतं. दोन्ही बाजूंना तेच पत्ते, मग मध्ये नॅट, त्यावर आणखी एक नॅट.

फेब्रुवारी १९९६ मध्ये तोडगा निघाला, ‘आरएफसी १९१८’. तीन पट्टे कायम राहिले. लेखकांच्या यादीत आधीच्या कागदाच्या चौघांबरोबर पाचवं नाव आहे, एलियट लिअर! विरोधकाला संपादक मंडळावर घेण्याची ही रीत मला आवडते. नव्या कागदात तोट्यांचीही मोकळेपणाने चर्चा आहे. पण तोपर्यंत बाजाराने निकाल लावून टाकला होता.

तो बाजार म्हणजे पिक्स. १९९४ सालच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या जॉन मेझ यांनी एका उपकरणाची कल्पना काढली आणि जॉर्जिया राज्यातल्या ब्रँटली कॉइल यांनी ते रचलं, त्याचा प्रोग्रॅम लिहिला. कंपनीचं नाव नेटवर्क ट्रान्सलेशन. उपकरणाचं नाव ‘प्रायव्हेट इंटरनेट एक्स्चेंज’, म्हणून पिक्स. हे नाव बेतलं होतं पीबीएक्सवर. आपल्याकडे ऑफिसात असतो तो ईपीएबीएक्स, म्हणजे बोर्ड. बोर्डाचं चित्र डोळ्यांसमोर आणा, पुढचं सगळं सोपं होईल. ऑफिसात दोनशे एक्स्टेंशन, बाहेरच्या लाइनी दहा. तुम्ही शून्य दाबून बाहेर फोन लावता, समोरच्याला दिसतो बोर्डाचा नंबर. २१५ नंबरचं एक्स्टेंशन दुसऱ्या ऑफिसातही असू शकतं, कोणाचं काही बिघडत नाही. बाहेरून फोन आला तर तो बोर्डापर्यंत येतो. पुढे जोडायचा की नाही, ते बोर्ड ठरवतं. साहेबांना थेट लाइन हवी असेल तर ती वेगळी बांधून द्यावी लागते.

लक्षात घ्या, पिक्स जन्मला तो पत्त्यांच्या टंचाईवरचा उपाय म्हणून. सिस्कोने १९९५ साली ही कंपनी विकत घेतली आणि पुढची दहा-बारा वर्षं जगभरच्या सर्व्हर खोल्यांत पिक्स ओळखला गेला तो फायरवॉल म्हणून! खरं तर फायरवॉल ही कल्पना याहून जुनी. नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने जाळं हादरवल्यावर दारावर पहारा हवा, हे सगळ्यांना पटलं होतं. चेसविक आणि बेलोव्हिन यांचं फायरवॉलवरचं गाजलेलं पुस्तक १९९४ चंच. चेकपॉइंट कंपनीची फायरवॉलही त्याच वर्षीची. पत्ता राखणं आणि दार राखणं, दोन्ही गरजा एकाच वेळी एकाच दारात उभ्या होत्या. एक यंत्र दोन्ही करत असेल तर कोण नाही म्हणेल?

आता आपण पिक्ससमोर बसू. नवा पिक्स आला आहे आणि तो लावायचा आहे. त्याला किमान दोन तोंडं : आतलं ‘इनसाइड’, बाहेरचं ‘आउटसाइड’. प्रत्येकाला विश्वासाचा एक आकडा द्यायचा. आतल्याला १००, बाहेरच्याला ०. मधे तुमचे वेब सर्व्हर ठेवण्याची वेगळी खोली असेल तर तिला ५० वगैरे. मूळ नियम एकच : जास्त विश्वासाकडून कमीकडे जाता येतं, उलट येता येत नाही.

पण जाता येतं म्हणजे लगेच जाता येतं असं नाही. आधी भाषांतर सांगायला लागायचं. ‘नॅट’ या आज्ञेने सांगायचं की आतले कोणते पत्ते. ‘ग्लोबल’ या आज्ञेने सांगायचं की बाहेर पडताना कोणते चढवायचे. दोन्हींना एकच क्रमांक द्यायचा, म्हणजे जोडी जुळते. क्रमांक चुकला तर जोडी जुळत नाही आणि अख्खं ऑफिस बंद. बाहेरच्या कोणाला तुमच्या मेल सर्व्हरपर्यंत यायचं असेल तर आणखी दोन आज्ञा. ‘स्टॅटिक’ने आतला एक पत्ता बाहेरच्या एका पत्त्याशी कायमचा बांधायचा, ही साहेबांची थेट लाइन. आणि ‘कंड्युट’ने, म्हणजे नळीने, त्या बांधलेल्या पत्त्यावर कोणत्या पोर्टला कोण येऊ शकेल याची परवानगी द्यायची. फक्त स्टॅटिक दिलं आणि कंड्युट विसरलं तर दार बंद. कंड्युट दिलं, स्टॅटिक विसरलं, तरी बंद.

इथे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट आहे. भाषांतराच्या तक्त्यात नोंद नसेल तर पॅकेट पुढे जातच नसे. म्हणजे परवानगीचा पहिला दाखला हाच, की तुझं भाषांतर झालंय का? भाषांतर नको असेल, उदाहरणार्थ दोन शाखांमधल्या व्हीपीएनच्या बोगद्यातून जाताना पत्ते मूळचेच राहायला हवेत, तर त्यासाठी ‘नॅट ०’ अशी आज्ञा द्यावी लागे. भाषांतर नको हे सांगायलाही भाषांतराचीच आज्ञा! व्हीपीएन उभं राहिलं, दिवे हिरवे झाले, पण पलीकडचं काहीच उघडत नाही, ही तक्रार आली की जुनी माणसं पहिल्यांदा ही सूट दिली आहे का ते बघत. आजही, वेगळ्या कंपनीच्या आणि वेगळ्या भाषेच्या फायरवॉलवर, पहिल्यांदा तेच बघतात.

या रचनेत शिकलेल्या माणसाच्या मनात काय ठसेल? हेच, की नॅट आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत. पण प्रत्यक्षात काम करत होती ती नोंदवही. आतून कोणी कोणाशी बोलणं सुरू केलं याची नोंद, आणि तिच्याशी न जुळणारं पॅकेट टाकून देणं. ही नोंद पत्ता न बदलताही ठेवता येते. पत्ता बदलणं ही त्या नोंदीवर उभी असलेली वेगळी कामगिरी. दोन्ही एकाच वहीत लिहिल्या जात, म्हणून एकच वाटल्या.

मोठ्या कंपन्यांचं हे झालं. सामान्य माणसापर्यंत नॅट पोचलं ते पोर्टच्या युक्तीने. मूळ कल्पनेत एका वेळी बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला बाहेरचा एक पत्ता लागे. पण प्रत्येक पॅकेटवर पत्त्याशिवाय पोर्ट क्रमांक असतो, इमारतीच्या पत्त्यावर खोली नंबर असावा तसा, आणि तो १६ बिटांचा, म्हणजे ६५ हजारांच्या घरात. मग पत्त्याबरोबर पोर्टही बदला, की एकाच बाहेरच्या पत्त्यावर शेकडो यंत्रं. याला लिनक्सवाले ‘मास्करेडिंग’ म्हणत, मुखवटा घालणं. शब्द फार नेमका आहे.

आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ला सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढच्या काही वर्षांत पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर, गावोगाव सायबर कॅफे निघाले. मोडेम एक, टेलिफोनची लाइन एक, व्हीएसएनएलने दिलेला पत्ता एक, आणि टेबलं सहा किंवा आठ. हे चालत होतं कशावर? कुठे विनगेटसारखा प्रॉक्सी, कुठे पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरचं लिनक्स आणि त्यातलं मास्करेडिंग. १९९९ साली विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत इंटरनेट कनेक्शन शेअरिंग आलं. एका खुणेवर क्लिक केलं की तो संगणक स्वतःला १९२.१६८.०.१ हा पत्ता घेई आणि बाकीच्यांचा दरवान होई. नॅटचं हे पुण्य नाकारण्यात अर्थ नाही. एका कनेक्शनच्या पैशांत आठ जणांचं काम होणं, ही आपल्याकडे केवळ तांत्रिक सोय नव्हती. कित्येकांनी पहिला ईमेल असाच पाठवला.

मग बिघडलं काय? ज्या कार्यक्रमात दोन्ही टोकं एकमेकांचा पत्ता धरून चालतात, ते सगळे अडखळले. सर्वांत जुनं उदाहरण एफटीपीचं. फाइल मागताना ग्राहक यंत्र स्वतःचा पत्ता संदेशाच्या मजकुरात अक्षरांनी लिहून पाठवतं : मला इथे आणून दे. नॅटने पाकिटावरचा पत्ता बदलला, पण आतल्या पत्रातला तसाच राहिला. म्हणून नॅटला पत्र उघडून आतही खाडाखोड करावी लागते. त्यात मजकुराची लांबी बदलली, तर पुढच्या प्रत्येक पॅकेटचे क्रमांकही जुळवून घ्यावे लागतात. हे दुखणं ‘आरएफसी १६३१’ मध्येच सांगितलेलं आहे. पिक्सवर यासाठी ‘फिक्सअप’ नावाची आज्ञा होती. एकेका प्रोटोकॉलसाठी एकेक. इंटरनेटवरून फोन आले, त्यांच्यासाठी आणखी.

आयपीसेकची गोष्ट तर बोलकी आहे. पॅकेटमध्ये वाटेत कोणी फेरफार केला तर तो पकडायचा, पत्त्यासकट, हे आयपीसेकच्या एका भागाचं काम. नॅट नेमका हाच फेरफार करतं. म्हणजे ज्याला लोक सुरक्षा समजत होते, त्याला खरी सुरक्षा यंत्रणा घुसखोर समजत होती. व्हीपीएनला नॅटमधून वाट काढून देण्याचा अधिकृत तोडगा जानेवारी २००५ मध्ये आला. तोवर नॅट मागे असलेल्या दोघांनी एकमेकांना गाठायचं कसं, यासाठीही मार्ग शोधले गेले. मार्च २००३ चा ‘स्टन’ हा त्यातला एक. बाहेरच्या एका तटस्थ सर्व्हरला विचारायचं, की बाबा रे, मी बाहेरून कसा दिसतो? आरशात बघितल्यासारखं. आजचा व्हिडिओ कॉल लागतो तो अशाच खटपटींमधून. आणि तेही जमलं नाही, तर तुमचं बोलणं मधल्या कोणाच्या तरी सर्व्हरवरून फिरून जातं. पुण्यातल्या दोन पेठांमधल्या दोघांना तिसऱ्या कोणाच्या अंगणातून जावं लागतं. हे मधलं अंगण भाड्याने देण्यावर मोठमोठे धंदे उभे आहेत, हे जाता जाता.

भाषांतर आणि परवानगी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे यंत्रं बनवणाऱ्यांना उमगत गेलं. लिनक्सच्या जुन्या ‘आयपीचेन्स’मध्ये मुखवटा घालणं हा गाळणीच्याच एका नियमाचा भाग होता. रस्टी रसेल यांच्या पुढाकाराने ‘नेटफिल्टर’ रचलं गेलं आणि जानेवारी २००१ च्या लिनक्स २.४ बरोबर ‘आयपीटेबल्स’ आलं. त्यात नॅटचा तक्ता वेगळा, गाळणीचा वेगळा. सिस्कोने २००५ साली पिक्सच्या सातव्या आवृत्तीत भाषांतराची सक्ती ऐच्छिक केली. म्हणजे पिक्सच्या जन्मानंतर अकरा वर्षांनी. आणि २०१० साली, पिक्सचा वारसदार असलेल्या एएसएच्या ८.३ आवृत्तीत, नॅटची सगळी भाषाच बदलली. ‘ग्लोबल’ गेलं, ‘स्टॅटिक’ जुन्या रूपात गेलं. सर्वांत मोठा बदल असा, की परवानगीच्या यादीत पूर्वी सर्व्हरचा बाहेरचा, भाषांतरित पत्ता लिहायचा. आता आतला, खरा पत्ता लिहायचा. तर्काने हेच बरोबर. परवानगी माणसाला द्यायची, त्याच्या मुखवट्याला नाही. पण पंधरा वर्षं उलटं लिहिण्याची सवय झालेले हात! आवृत्ती बदलल्यावर सकाळी सगळे सर्व्हर गप्प, असे अनुभव त्या काळच्या पुष्कळांकडे असतील.

मे २००७ मध्ये आयईटीएफने ‘आरएफसी ४८६४’ काढून ओळीने दाखवलं होतं, की नॅटमुळे मिळतं असं लोकांना वाटतं ते सगळं आयपीव्ही६ मध्ये नॅटशिवाय मिळू शकतं. वाचलं किती जणांनी?

मग २०११ उजाडलं. ३ फेब्रुवारीला पत्त्यांच्या जागतिक कोठारातले शेवटचे पाच मोठे गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटले गेले. त्यांतल्या आपल्या भागाच्या एपनिकचा साठा १५ एप्रिल २०११ला शेवटच्या गठ्ठ्यावर आला, सगळ्यांत आधी. कारण उघड आहे. माणसं इथे जास्त, आणि आपण पंगतीला उशिरा आलो. अमेरिकेतल्या विद्यापीठांचे मांडव रिकामे होते आणि इथे कोट्यवधी मोबाइल यायचे होते.

त्यामुळे नॅट आता तुमच्या दारातून उठून कंपनीच्या दारात गेलं. इंटरनेट पुरवणारी कंपनीच हजारो ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवते. या मधल्या थरासाठी एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ ने सुरू होणारा एक खास पट्टा राखला गेला. तुमच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला, तर समजा की तुमच्या नॅटच्या वर आणखी एक नॅट आहे. आणि यात एक मोठा फरक आहे. घरच्या राउटरवर स्टॅटिक बांधायचं की नाही हे तुम्ही ठरवत होता. हे वरचं नॅट तुमच्या हातात नाही. घरी कॅमेरा लावला, छोटा सर्व्हर ठेवला, पोर्ट फॉरवर्डिंगचे सगळे नियम बरोबर लिहिले, तरी बाहेरून कोणी पोचणार नाही. नियम बरोबर आहे, पण भिंत दुसरीच आहे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. एक पत्ता म्हणजे एक घर, हे समीकरण तुटलं. २००६ संपून २००७ लागत होतं तेव्हा विकिपीडियाच्या एका प्रचालकाने उपद्रव करणारा एक पत्ता रोखला, आणि कळलं की जवळजवळ अख्खा कतार देश रोखला गेला आहे. तिथे कारण नॅट नव्हतं, प्रॉक्सी होता, पण धडा तोच. एकाने गोंधळ घातला की त्या पत्त्यामागचे सगळे बाहेर. आणि उलटं बघा. गुन्हा झाला, तपास करणाऱ्यांच्या हाती एक पत्ता आणि वेळ आली. त्या क्षणी त्या पत्त्यामागे शेकडो माणसं. नेमका कोण, हे सांगायला पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंत अचूक वेळ लागते. म्हणूनच जून २०११ मध्ये ‘आरएफसी ६३०२’ ने सर्व्हर चालवणाऱ्यांना सांगितलं, की नोंदवहीत पोर्टही लिहा. अपाची वेब सर्व्हरची नेहमीची नोंद बघा, तिच्यात पाहुण्याचा पत्ता असतो, पोर्ट नसतो. २०१७ साली युरोपोलने याबद्दल जाहीर चिंता व्यक्त केली. संशय एकावर, आणि चौकशीच्या फेऱ्यात त्याच्या मुखवट्यामागचे सगळे.

आपल्या देशापुरतं बोलायचं तर एक चांगली गोष्ट घडली आहे. पत्ते मिळालेच नाहीत, म्हणून मोबाइल कंपन्यांना आयपीव्ही६ कडे वळावंच लागलं. २०१६ साली जिओचं जाळं आलं ते आयपीव्ही६ घेऊनच, आणि आज आयपीव्ही६ वापरणाऱ्या देशांत भारत आघाडीवर आहे. तुमच्या खिशातल्या फोनला या क्षणी बहुधा जगात एकमेव असा पत्ता आहे. १९९४ साली ते चौघे ज्यासाठी भांडले, तोच.

आणि तरीही, ऑफिसातल्या फायरवॉलवर आयपीव्ही६ चालू करायची वेळ येते तेव्हा पहिला प्रश्न असतो : यात नॅट कुठे लिहायचं? लिहायचं नाही म्हटलं की समोरचा माणूस अस्वस्थ होतो. आतले पत्ते उघडे पडणार! तिथे करायचं इतकंच असतं, की आतून सुरू झालेल्या संभाषणाचं उत्तर येऊ द्यायचं आणि बाकी सगळं नाकारायचं. दोन ओळींचा नियम आहे. पण पत्त्याच्या रकान्यात आतलाच पत्ता बघून हात थबकतो.

वेळ संपत आली आहे. आयपीव्ही६ चीच गोष्ट पुढच्या व्याख्यानात सविस्तर घेऊ, १९९५ चा पहिला मसुदा ते आजपर्यंत. आता प्रश्न असतील तर घेऊ. मागे माइक फिरतो आहे.